वावरात हाडं निघाली, आता काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात एकाचं वावर सपाट करताना जेसीबीच्या बकेटमध्ये एक कवटी आली. त्या दिवसापासून मला चैन नाही. मी पुरातत्त्व शिकलो, दोन उत्खननांवर पोरांसोबत माती चाळली, आता गावात शेती करतो आणि संध्याकाळी दहावीच्या पोट्ट्यांना शिकवतो. कवटी निघाल्यापासून पानटपरीपासून तेरवीच्या पंगतीपर्यंत लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. प्रश्न जसे विचारले तसेच ठेवले आहेत, उत्तरं जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबली आहेत.

काहो भाऊ, हे पांदणीजवळचे गोट्यांचे, म्हणजे मोठ्या दगडांचे, गोल नेमकं काय? गवळ्यांचे गोठे होते म्हणतात.

गोठे नाहीत. आपल्याकडे जुने लोक म्हणतात गवळी राजाने गायी बांधायला केले, इंग्रजांच्या काळातही हीच गोष्ट लोकांनी त्यांना सांगितली होती. पण ह्या गोलांच्या आत मेलेल्या माणसांची दफनं आहेत, लोखंडयुगातली, साधारण इसवी सनापूर्वी 1000 ते 300 च्या मधली. म्हणजे तुमच्या धुऱ्यावरचा तो गोटा अडीच हजार वर्षांपासून तिथे आहे आणि तुम्ही त्याच्यावर बसून बिडी ओढता.

विदर्भ ह्या बाबतीत लय श्रीमंत आहे. नागपूरजवळ जुनापाणीला तीनशेच्या आसपास गोल आहेत. तिथे रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 च्या सुमारास काही गोल खोदले, 1879 मध्ये त्यावर लिहिलं, आणि सापडलेल्यातल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. आपल्या वावरातलं लोखंड लंडनला, म्हणजे बघा. नंतर पुरातत्त्वज्ञ शांताराम भालचंद्र देव यांच्या टीमने टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे नीट शास्त्रशुद्ध काम केलं. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे हे लोक कुऱ्हाडी बाहेरून आणत नव्हते, इथेच बनवत होते.

एका गोलात साधारण काय असते? कडेला मोठे दगड, आत काळी माती आणि बारके गोटे भरलेले, त्याखाली काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याच्या बांगड्या आणि घंट्या, मणी. काही ठिकाणी घोडा. हो, घोडा! माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे पत्रे, तोंडातला लगाम असं सगळं मिळालं आणि घोड्याच्या काही हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या, म्हणजे मालकासोबत घोडाही बळी दिला असणार. एवढा खर्च सगळ्यांच्या नशिबी नसतो, तेव्हाही नव्हता. ज्याच्या गोलात घोडा तो गावचा कोणीतरी मोठा माणूस, आणि ज्याच्या गोलात दोन मडकी, तो आपल्यातला.

मग गोल उकरला की सांगाडा सापडते ना, सिनेमात दाखवते तसा पूर्ण?

बहुतेक वेळा नाही. पोट्टे निराश होतात. गोलात खूपदा हाडांचे तुकडे मिळतात, कधी नुसते दात. दोन कारणं. पहिलं, त्या काळी बरेचदा मेल्याबरोबर तिथे पुरत नसत, आधी दुसरीकडे ठेवायचे किंवा पुरायचे, मांस गेल्यावर वेचलेली हाडं आणून गोलात ठेवायचे. आपण तिसऱ्या दिवशी अस्थी वेचतो आणि रामटेकला किंवा नदीवर नेतो, त्याच्याशी थोडं जुळते बघा, एकदा शरीर निरोपाचं, मग हाडांचा वेगळा निरोप.

दुसरं कारण आपली काळी माती. रेगूर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून पायाला लागेल एवढ्या भेगा पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. दरवर्षी फुगणं-आकसणं, अडीच हजार वेळा. हाड मधे सापडलं की त्याची चटणी होते आणि वस्तू जागच्या सरकतात. वरून एप्रिल-मे मधे पंचेचाळीस डिग्री. हाडातला जो चिवट भाग असतो ना, कोलॅजेन, तो उष्णतेने झपाट्याने जाते. म्हणूनच थंड प्रदेशातल्यासारखे सांगाडे इथे कमी दिसतात. उलट कुठे चुनखडीची माती असली तर हाडावर चुन्याचा थर बसतो आणि ते टिकते.

खाली सोनं असते म्हणतात, खरं का?

काही जागी सोन्याचे बारके दागिने मिळालेत, पण घागरभर मोहरा वगैरे विसरा. मणी, तांबं, लोखंड, फुटकी मडकी, हाच खरा खजिना, आणि हे विकायला गेले तर भंगारवालाही घेणार नाही. रात्री कंदील, लिंबू आणि कोणी मांत्रिक घेऊन गोल उकरणारे मी बघितले आहेत. आमच्या गावच्या एकाने दोन रात्री घालवल्या, शेवटी एक गंजकी कुऱ्हाड मिळाली आणि ती त्याने ठोकून विळा करून घेतला. अडीच हजार वर्षांची कुऱ्हाड, विळा झाली! त्याला मी काही बोललो नाही, तो माझा मामेभाऊ आहे.

कायदा पण ऐकून ठेवा. 1878 चा खजिन्याचा कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत दडलेलं मिळालं तर कलेक्टरला कळवायचं असते. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते, त्याला 1972 चा वेगळा कायदा लागतो. केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या 100 मीटरच्या आत बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते.

हाड माणसाचं हाय का जनावराचं, कसं वळखायचं?

फोटो पाठवून विचारणाऱ्यांपैकी दहातले आठ बैलाचे, डुकराचे नाहीतर बकरीचे असतात. सगळ्यात फसवणारे दोन. एक, डुकराच्या दाढा, त्या माणसाच्या दाढेसारख्याच दिसतात आणि ह्यावर चांगले चांगले फसले आहेत. दुसरं, अस्वलाचा पंजा. कातडी काढलेला अस्वलाचा पंजा अगदी माणसाच्या हातासारखा दिसतो. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवा, जंगलात 'हात' सापडला म्हणून लगेच ओरडू नका.

माणसाचं मांडीचं हाड सरळसोट आणि लांब, वरचा गोळा गोल, आपण दोन पायांवर चालतो म्हणून गुडघ्याकडे आतल्या बाजूला तिरकं येते. बैलाचं आखूड आणि जाडजूड. मोठ्या माणसात 206 हाडं असतात, बाळात तीनशेच्या आसपास, कारण ती अजून जुळलेली नसतात. बाळाची हाडं बघून लोक कोंबडीची म्हणून फेकून देतात, वाईट वाटते, म्हणून शंका आली की ठेवा.

हाडावरून बाई की माणूस, वय किती, हे खरंच कळते का का अंदाज असते?

बऱ्यापैकी कळते, पण सगळ्या हाडांवरून नाही. कंबरेचं हाड सगळ्यात बोलकं. बाईचं कंबरडं बाळंतपणासाठी रुंद, त्याच्या मागच्या बाजूची खाच उघडी आणि मोठी, पुरुषाची अरुंद. कवटीवरून पण अंदाज येतो, भुवईवरचा उंचवटा, जबडा, कानामागचा गोळा. नुसती कवटी असेल तर चुकायचा धोका जास्त, आणि लहान पोरांच्या बाबतीत तर सांगताच येत नाही कारण वयात येईपर्यंत फरकच पडत नाही.

वयासाठी दात आणि हाडांची टोकं. दुधाचे दात, कायमचे दात कोणत्या वयात येतात हे ठरलेलं असते त्यामुळे पोराचं वय जवळपास बरोबर निघते. हातापायाच्या हाडांची टोकं वीसच्या आसपास जुळतात. सगळ्यात उशिरा कॉलर बोनचं छातीकडचं टोक, पंचविशी उलटेपर्यंत. त्यानंतर मात्र गडबड सुरू होते, तिशीनंतर हाड वयाचा नेमका आकडा देत नाही, '35 ते 50' असं सांगणारा प्रामाणिक माणूस आणि 'बरोबर 43' सांगणारा फेकाड्या.

मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची निघते, पण सूत्रं लोकसमूहानुसार बदलतात. युरोपातल्या लोकांवरून काढलेलं सूत्र आपल्याकडच्या माणसाला लावलं तर आकडा चुकतो.

किती जुनं आहे हे कसं ठरवतात?

आधी सोबत काय सापडलं ते बघतात. काळी-तांबडी मडकी असली तर एक काळ, काचेची बाटली असली तर दुसरा. मग कार्बन 14. जिवंत असताना शरीरात कार्बन 14 येत राहते, मेलं की येणं बंद आणि असलेलं 5730 वर्षांत अर्धं होते. उरलेलं मोजलं की वय. पण आपल्या हाडात कोलॅजेनच शिल्लक नसेल तर हाडावरून ते जमत नाही, मग सोबतच्या कोळशावर काम चालवावं लागते.

पोलिसांच्या कामात उलट प्रश्न असतो, पन्नास वर्षांपूर्वीचं की पाच? त्यासाठी एक भारी युक्ती आहे. 1950-60 च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेतला कार्बन 14 जवळपास दुप्पट झाला, मग तो हळूहळू उतरला. ते दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण थरात, नोंदलं जाते. म्हणजे कोणीतरी रशियात अन प्रशांत महासागरात बॉम्ब फोडले आणि त्याची सही आपल्या आईबापाच्या दातात बसली आहे. त्यावरून माणूस साधारण कधी जन्मला ते निघते.

मेल्यापासून किती दिवस झाले ह्याला एक जुना ठोकताळा आहे, हवेत एक आठवडा म्हणजे पाण्यात दोन, जमिनीत पुरलं तर आठ. ठोकताळाच आहे, आपल्या मे महिन्याला तो लागू करायचा म्हणजे गंमतच. उघड्यावर पडलेल्याची कुत्रे, कोल्हे आणि उष्णता मिळून काही आठवड्यांत हाडं करतात, पुरलेल्याला एक-दोन वर्षं तरी, कधी जास्त. ओल्या, हवा नसलेल्या जागी मात्र चरबीचं साबणासारखं पांढरट होऊन बसते आणि शरीर वर्षानुवर्षं ओळखू येण्याइतकं टिकते. विहिरीत सापडलेल्यांचं असं होते.

खून झाला की आपोआप मेला, हे हाड सांगेल का?

हाडाला लागलं असेल तर. गळा दाबला, विष दिलं, पोटात चाकू गेला पण हाडाला लागला नाही, तर हाड गप्पच. विषाचं म्हणाल तर आर्सेनिक हाडा-केसांत टिकते, पण ते मातीतूनही येऊ शकते, म्हणून प्रेतावरची, खालची, बाजूची आणि थोडी लांबची माती पण सोबत तपासायला नेतात.

तुटणं कधीचं हे मात्र छान कळते. जिवंतपणी तुटलं असेल तर कडा गोल होतात, एक-दोन आठवड्यांत नवीन हाड धरायला लागते. मरतानाचा घाव, हाड ओलं असते, ओल्या बाभळीच्या फांदीसारखं तिरकं फाटते, कडा गुळगुळीत आणि रंग बाकी हाडासारखाच. आणि जेसीबीने आत्ता तोडलेलं, कोरड्या काडीसारखं काटकन, कडा पांढऱ्याफट. आमच्या गावच्या कवटीला मागे मोठं भोक होतं, पाच मिनिटांत गावभर झालं की कुऱ्हाडीने मारलं. कडा पांढऱ्या होत्या. बकेटच्या दाताचं काम ते.

पूर्वी मेल्याचे पाय कापायचे म्हणते, खोटं ना?

खरं आहे, पण विदर्भातलं नाही, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव, इसवी सनापूर्वी 1600 ते 700. डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं खणलं आणि दोनशेहून जास्त दफनं मिळाली. मोठ्या माणसांना घराच्या जमिनीतच पुरायचे, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखालून पाय कापलेले. परत येऊन त्रास देऊ नये, किंवा घर सोडून जाऊ नये, दोन्ही अर्थ लावतात. मला दुसरा आवडतो.

लहान बाळांना दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आडवी, घराच्या आत. आई जिथे भाकरी करत होती त्याच्या हातभर अंतरावर. आणि मग एक अपवाद, चाळिशीतला एक माणूस, चार पायांच्या मोठ्या कच्च्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, आणि त्याचे पाय शाबूत. बहुतेक गावचा प्रमुख. मोठ्या माणसाला सवलत, तेव्हापासून.

बसवून पुरायची रीत आपल्याला नवी नाही, लिंगायतांमध्ये आहेच. महानुभाव पुरतात, गोंडांमध्ये पुरतात, भामरागडकडे माडिया लोक मेलेल्याच्या आठवणीत अजून मोठे दगड उभे करतात. तान्हं बाळ तर जाळणारी जातही पुरते. म्हणून सांगाडा दिसला की 'हा अमुक धर्माचा' म्हणून भांडण उकरणाऱ्यांना मी हेच सांगतो.

डीएनए काढला की सगळं कळते ना?

टीव्हीवर. हरियाणातल्या राखीगढीला, सिंधू संस्कृतीच्या जुन्या गावाला, साठेक नमुने तपासले, चाललेला एक. एका बाईचा, 2019 मध्ये तो निकाल छापून आला. हाडं गरम हवेत राहिली की डीएनएचे तुकडे होतात. सगळ्यात जास्त आशा कानाच्या आतल्या दगडासारख्या घट्ट हाडात आणि दातात. म्हणूनच दात फेकू नका, धुवू नका, आणि फोटोसाठी तोंडात घालून हसू नका, आमच्या एका पोट्ट्याने केलं हे.

अजनाळ्याचं प्रकरण सांगतो. पंजाबात एका जुन्या विहिरीतून 2014 मध्ये हाडांचे ढीग काढले, 1857 मध्ये मारलेले बंगाल पलटणीचे 282 शिपाई असल्याची नोंद होती. पण गावकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी श्रद्धेने, घाईने, हाताने काढलं, हाडं तुटली, कोणतं कोणाचं ते गेलं. मग शास्त्रज्ञांनी दातांवर काम केलं, 50 नमुन्यांचा डीएनए, 85 चे आयसोटोप, आणि 2022 मध्ये निकाल आला की हे पंजाबातले नाहीत, गंगेच्या मैदानातले, बंगाल-बिहार-उत्तर प्रदेशाकडचे. म्हणजे नोंदीशी जुळलं.

आयसोटोपचं सोपं करून सांगतो. लहानपणी प्यायलेलं पाणी, खाल्लेलं धान्य ह्यातून त्या भागातल्या खडकाची खूण दातात बसते आणि पुढे बदलत नाही. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला भंडाऱ्याकडे वेगळा, लय जुना खडक. काटोलला वाढलेला आणि भंडाऱ्याला वाढलेला ह्यांच्या दातातला स्ट्रॉन्शियम, म्हणजे खडकातून येणारं एक मूलद्रव्य, वेगळा निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आलेली सून दातावरून ओळखू येईल, सासरी कितीही वर्षं काढली तरी.

रोगराई कळते का?

जे रोग हाडाला धरतात तेच. क्षयाने मणके झिजतात, कुष्ठरोगाने नाकाचं आणि वरच्या जबड्याचं हाड विरघळते. पटकीने माणूस दोन दिवसांत जातो, हाडावर काहीच नाही. राजस्थानात बालाथलला चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा मिळाल्या, 2009 मध्ये छापून आलं. वरोऱ्याजवळ आनंदवन असलेल्या मुलखात राहून हे वाचताना मला त्या माणसाला पुरणारे कोण असतील ह्याचाच विचार आला.

जाळलेल्याचं काहीच उरत नाही ना?

उरते, तुम्ही अस्थी वेचता म्हणजे उरते. हाड जळताना काळं, मग करडं, मग पांढरं होते. मांसासकट जळलं तर आडव्या वळणदार भेगा आणि वाकडेपणा, वाळकं हाड जळलं तर वेगळ्या भेगा. पण पांढरं झालेल्या हाडातून डीएनएची आशा धरू नका.

पुरलेलं प्रेत पोलीस उकरू शकतात का? आणि कितीही वर्षांनी?

पोलीस आपल्या मनाने नाही, मॅजिस्ट्रेटचा आदेश लागते. आधी सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, होती, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहिता, त्यात कलम 196. भारतात वर्षांची मर्यादा नाही. सकाळी लवकर सुरू करतात म्हणजे उजेडात संपते. मॅजिस्ट्रेट, डॉक्टर समोर असतात, आधी जागा ओळखून घेतात, हे महत्त्वाचं, कारण आपल्या मसणवट्यात कोण कुठे हे कोणी लिहून ठेवते का?

रडारने शोधत नाहीत का, असं विचारतात. जमिनीत जाणारं रडार वाळूत भारी, पण आपल्या चिकण काळ्या मातीत त्याचा सिग्नल वरच्यावर मरतो. आपल्याकडे डोळा जास्त कामाचा. एकदा खणलेली जागा परत आधीसारखी होत नाही, खालचा पिवळा मुरूम वर येऊन काळ्यात मिसळतो, पहिल्या पावसानंतर जागा खचते, गवत वेगळं उगवते. जुना सालदार ते लांबून सांगतो.

बरं, सापडलं तर करायचं काय?

काम थांबवा. उचलू नका. जसं आहे तसा फोटो, बाजूला चप्पल नाहीतर दहाची नोट ठेवून म्हणजे आकार कळते. वर ताडपत्री. पोलीस पाटलाला सांगा, तो ठाण्याला कळवेल. नवीन असेल तर पोलिसांचं, जुनं असेल तर पुरातत्त्व विभागाचं, हे तुम्ही ठरवू नका. हाड कुठे, कोणत्या दिशेला, कशाच्या वर कशाच्या खाली होतं, तेच अर्ध्याहून जास्त उत्तर असते. पिशवीत भरून आणलेल्या कवटीला मी काय विचारू?

माझं वावर सरकार घेईल ही भीती सगळ्यांना असते, म्हणूनच लोक रातोरात माती लोटतात. मी दुरून बोलणं सोपं, मला कळते. एका हाडासाठी कोणी सातबारा घेत नाही, पण पेरणीचे दिवस जवळ असले की दोन-चार चकरा आणि खोळंबा होतो, हे खोटं सांगणार नाही.

आणि त्या आपल्या गावच्या कवटीचं काय झालं?

ठाण्यातून बघून गेले, जुनी निघाली, नेली. सोबत मडक्याच्या काळ्या-तांबड्या खापऱ्या होत्या त्या मी वेचून दिल्या, पण जेसीबीने तोवर चार ट्रॉली माती रस्त्यावर टाकली होती, बाकीचा माणूस त्या रस्त्याच्या भरावात आहे. वावरवाला काही बोलला नाही. जूनमध्ये त्याने तूर पेरली तेव्हा त्या जागेवरची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, कोरी सोडली आणि एक गोटा आणून ठेवला. कोणी विचारलं की म्हणतो, तिथे बियाणं उगवत नाही.